सोळा आण्यांचा संगणक

दादासाहेब फाळके यांनीं १९१२ सालीं विलायतेहून चित्रपटाचा कॅमेरा आणला, तेव्हां भांडवल पुरविणारांस दाखविण्यासारखें त्यांच्यापाशीं कांहींच नव्हतें. त्यांनीं वाटाण्याचा दाणा पेरला, आणि तो रुजून वर येईपर्यंत त्याचीं चित्रें टिपून अंकुराच्या वाढीचा एक लहानसा चित्रपट तयार केला. त्या चिमुकल्या चित्रपटानें भांडवलाची वाट मोकळी केली, आणि ३ मे १९१३ रोजीं गिरगांवांतील कॉरोनेशन चित्रगृहांत 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला. कच्च्या फितीच्या कडांस छिद्रें पाडण्याच्या किचकट कामांत सरस्वतीबाई फाळके यांचा हात होता, हें आतां सर्वश्रुत आहे. आपल्या देशांतील चित्रपटाचा उद्योग असा एका बेताच्या मिळकतीच्या मराठी घरांत, घरच्याच माणसांच्या हातांनीं उभा राहिला.

हें स्मरण करण्याचें कारण असें कीं, शंभरांहून अधिक वर्षांनंतर तोच उद्योग पुन्हां घरोघर शिरला आहे. मुंज, लग्न, सहस्रचंद्रदर्शन, मुलींचे नाचगाण्याचे कार्यक्रम, सर्व कांहीं खिशांतल्या फोननें टिपलें जातें. आणि घरांतील एखादा मुलगा किंवा मुलगी तीं चित्रें कापून, जोडून, त्यांस आवाज व अक्षरें देऊन पाहण्याजोगीं करूं लागते. या जोडकामास संकलन म्हणतात. कांहींना त्यांत गोडी वाटते, कांहींना त्यांतून चार पैसेही मिळूं लागतात. मग एके रात्रीं जेवणाच्या पंगतींत मागणी येते, "संकलनासाठीं चांगला संगणक हवा." वडील मंडळी विचारतात, "किती लागतील?" येथून पुढें जें घडतें तें पुष्कळ घरांत चुकीचें घडतें. आमच्या घरांत तरी तें चुकीचें घडलें. ती चूक सांगूनच आरंभ करतों.

आमची चूक

२०२३ च्या दिवाळींत आमच्या पुतण्यास यंत्रासाठीं घराच्या सामाईक पैशांतून साठ हजार रुपये देण्याचें ठरलें. त्या रकमेंत जें यंत्र उभें राहिलें तें मोठें दिमाखदार होतें. पेटीस एका अंगानें कांच, आंत रंगीत दिवे, आणि जवळजवळ निम्मी रक्कम गिळून बसलेलें ग्राफिक्स कार्ड. त्याची भरपाई म्हणून मेमरी आठ गिगाबाइटचीच घेतली. सांठवणीस कोणाच्या ऐकिवांत नसलेल्या बनावटीची एकच एसएसडी घेतली. आणि दुसरी प्रत ठेवण्याकरितां बाहेरून जोडावयाची डिस्क "पुढल्या महिन्यांत घेऊं" म्हणून राहूं दिली. तो पुढला महिना कांहीं आला नाहीं. आम्ही वडील मंडळींनींही कांचेंतून दिसणारे दिवे पाहून समाधान मानलें; हिशेब कोणीं विचारला नाहीं.

२०२४ च्या जानेवारींत मुलांनीं आमच्या आत्याबाईंना सहा दुपारीं माजघरांत बसवून त्यांचीं मंगळागौरीचीं गाणीं, जात्यावरच्या ओव्या आणि माहेरच्या हकीकती फोनवर चित्रित केल्या. आत्याबाईंचें वय तेव्हां एकूणनव्वद होतें. पण गाणें एकही विसरलेलें नव्हतें. फोन भरला, म्हणून तें सर्व संगणकांत उतरवून फोन मोकळा केला. मार्चमध्यें आत्याबाई गेल्या. जून महिन्यांत एके सकाळीं संगणक सुरू झाला नाहीं. एसएसडी निकामी झाली होती. ती दुरुस्तीस मुंबईस नेली, पण हातीं कांहीं लागलें नाहीं. सहांपैकीं दोन दुपारी तेवढ्या वांचल्या, कारण त्या आमच्या नागपूरच्या आतेबहिणीस पेनड्राइव्हवर आधींच पाठविल्या होत्या. चार दुपारी कायमच्या गेल्या. कांचेच्या पेटींतील दिवे मात्र त्याही दिवशीं उत्तम लागत होते.

त्या दिवसापासून आम्ही या विषयाकडे दोन प्रश्नांनीं पाहूं लागलों. पहिला, हें काम करतांना यंत्र नेमकें कोठें खोळंबतें? दुसरा, काय गेलें असतां पुन्हां विकत मिळणार नाहीं? बेताचा पैसा या दोन ठिकाणीं आधीं घालावा. उरल्यास मग शोभेकडे पाहावें. पुढील सर्व लेख या दोन प्रश्नांचा विस्तार आहे.

यंत्रास काम काय पडतें

हल्लींच्या साध्या चित्रफितींत, जिला फुल एचडी म्हणतात, एका चित्राची रुंदी १,९२० बिंदूंची आणि उंची १,०८० बिंदूंची असते; म्हणजे एका चित्रांत २०,७३,६०० बिंदु. प्रत्येक बिंदूचा रंग तीन बाइटांत लिहिला तर एक चित्र सुमारें ६२ लक्ष बाइटांचें होतें, आणि सेकंदास २५ चित्रें धरलीं तर एका तासास सुमारें ५६० गिगाबाइट लागतील. इतकें सामान फोनच्या पोटांत मावणार कसें?

फोन येथें जुन्या हिशेबनिसाची युक्ति करतो. वहींत पहिली ओळ पूर्ण लिहावी, आणि खालीं जेथें तेंच येतें तेथें "सदर" लिहून फक्त बदललेला आंकडा मांडावा, तशी ही रीत आहे. मधून मधून एखादें चित्र पूर्ण लिहिलें जातें. दरम्यानच्या चित्रांत शेजारच्या चित्रांहून जें वेगळें तेवढेंच नोंदलें जातें. २००३ सालची एच. २६४ आणि २०१३ सालची एच. २६५ या दोन्ही पद्धति याच तत्त्वावर चालतात. त्यामुळें फाइल लहान होते. परंतु वहींतील विसावी ओळ वाचावयाची तर "सदर" कशास उद्देशून आहे हें पाहण्यास वर जावें लागतें, तसें मधलें एखादें चित्र पाहावयाचें झाल्यास यंत्रास मागील पूर्ण चित्रापर्यंत जाऊन तेथून पुढें सर्व हिशेब करीत यावें लागतें. चित्रपट नुसता पाहतांना हें जाणवत नाहीं, कारण हिशेब ओळीनें पुढें जातो. संकलन करणारा मात्र क्षणांत पुढें, क्षणांत मागें उड्या घेतो. म्हणून फोनची लहानशी फाइल पाहतांना सुरळीत चालते आणि कापूं लागलें कीं अडखळते. यंत्र खोळंबतें तें मुख्यतः येथें.

आतां दुसरा हिशेब पाहा. सेकंदास १०० मेगाबिट या दरानें टिपलेली फोर-के चित्रफीत, जिच्यांत फुल एचडीच्या चौपट बिंदु असतात, सेकंदास साडेबारा मेगाबाइट इतकीच माहिती मागते. तासास ४५ गिगाबाइट. साधी साटा जातीची एसएसडी सेकंदास ५०० मेगाबाइटांहून अधिक माहिती वाचूं शकते, म्हणजे गरजेच्या चाळीसपट. मग तिच्या सहा-सातपट वेगाची म्हणून दुकानदार जी महाग एनव्हीएमई एसएसडी पुढें करतो, तिनें फोनच्या चित्रांचें संकलन सहापट सुलभ होईल काय? मुळींच नाहीं. साध्या साटाच्या भावांत साधी एनव्हीएमई मिळत असेल तर खुशाल घ्यावी. पण वेगाच्या आंकड्यासाठीं वर पैसे मोजूं नयेत. उलट तबकडी फिरणारी हार्ड डिस्क मात्र चालू कामासाठीं मंद पडते, कारण तिच्यांतील सुई एका जागेवरून दुसऱ्या जागेवर हलण्यास वेळ घेते. तिचें स्थान वेगळें आहे. त्याकडे पुढें येऊं.

कच्चा खर्डा

या खोळंब्यावर सर्वांत स्वस्त उपाय विकत घ्यावाच लागत नाहीं. लेखक जसा आधीं खर्ड्यावर खाडाखोड करतो आणि पक्की प्रत नंतर उतरवितो, तसें संकलनांतही करतां येतें. मूळ मोठ्या फाइलींवरून यंत्राकडून लहान, हलक्या प्रती करवून घ्यावयाच्या, सर्व कापाकापी त्यांवर करावयाची, आणि शेवटीं चित्रफीत बाहेर काढतांना प्रणाली आपोआप मूळ फाइलींकडे वळते. यास प्रॉक्सी म्हणतात. केडेनलाइव्ह आणि शॉटकट या मुक्त व विनामूल्य प्रणालींत ही सोय आहे. डाव्हिंची रिझॉल्व्ह या ब्लॅकमॅजिक डिझाइन कंपनीच्या प्रणालींतही आहे. तिची विनामूल्य आवृत्ति ३,८४० बाय २,१६० बिंदूंपर्यंत चित्रफीत बाहेर काढूं देते, आणि घरच्या कामास तेवढें पुरून उरतें.

प्रती तयार होण्यास वेळ लागतो. परंतु तो वेळ यंत्राचा असतो, माणसाचा नव्हे. रात्रीं जेवणाआधीं काम लावून दिलें तर सकाळीं प्रती तयार असतात. ज्या घरांत दूध विरजून दही होईपर्यंत थांबण्याची संवय आहे, त्या घरास हें जड जाऊं नये. आमच्या पाहण्यांत असें आलें आहे कीं, ही एक युक्ति न कळल्यामुळें पुष्कळ तरुण दहा-पंधरा हजार रुपये जास्त खर्च करतात.

प्रणाली निवडतांना मराठी माणसानें आणखी एक गोष्ट पाहावी. शीर्षकाच्या जागीं "ज्ञानेश्वरी", "कृष्णाकांठ" असे जोडाक्षरांचे शब्द लिहून पाहावे. अक्षरें फुटत असतील तर ती प्रणाली कितीही नांवाजलेली असली तरी मुंजीच्या चित्रफितीस कामाची नाहीं.

सोळा आण्यांची वांटणी

रुपयाचे सोळा आणे १९५७ सालीं दशमान नाण्यांनीं घालविले. तथापि घरांतील वडील माणसें अजून "सोळा आणे खरें" म्हणतात, आणि वांटणीस तोच हिशेब सोपा पडतो. साठ हजारांचा रुपया धरला तर एक आणा ३,७५० रुपयांचा होतो. भाव महिन्यागणिक हलतात, म्हणून हा भावांचा तक्ता नव्हे. कोणत्या वस्तूस किती मान द्यावा त्याचें हें प्रमाण आहे.

प्रोसेसर: तीन आणे. हाच हिशेब करणारा कारकून. सहा गाभ्यांचा प्रोसेसर आजच्या घरगुती कामास पुरतो. इंटेलचा २०२२ सालचा कोअर आय-५ १२४०० किंवा एएमडीचा २०२१ सालचा रायझन ५ ५६००जी हीं त्याचीं ठळक उदाहरणें. दोहोंच्या पोटांत चित्र दाखविणारा भाग आहे, आणि वर सांगितलेलें "सदर" उलगडण्याचें काम करणारा स्वतंत्र विभागही आहे. इंटेलनें असा विभाग प्रोसेसरांत २०११ पासून घातला. तुमची प्रणाली त्याचा उपयोग करून घेते कीं नाहीं, हें तिच्या माहितीपत्रकांत पाहून घ्यावें. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नांवापुढें एफ हें अक्षर येतें त्यांत चित्राचा भाग नसतो. तो थोडा स्वस्त मिळतो, पण मग वेगळें कार्ड घेणें भाग पडतें. आमच्या पुतण्यानें थोडे पैसे वांचविण्यासाठीं तोच घेतला होता!

मदरबोर्ड: दोन आणे. मेमरीच्या खांचा चार असतील असा पाहावा. मेमरी डीडीआर ४ आणि डीडीआर ५ अशा दोन जातींची असते, आणि एकीची पट्टी दुसरीच्या खांचेंत बसत नाहीं. बोर्ड आणि मेमरी वेगवेगळ्या दुकानांतून घेणारांनीं हें विशेष ध्यानांत ठेवावें.

मेमरी: तीन आणे. ही कारकुनाच्या पुढ्यांतील बैठक आहे. ती लहान असली तर तो सारखा उठून कपाटाकडे जातो. सोळा गिगाबाइट ही किमान मर्यादा समजावी. रिझॉल्व्हचे कर्तेही तितकीच सुचवितात, आणि त्यांतील फ्यूजन या चमत्कृतींच्या विभागासाठीं बत्तीस सांगतात. आठ-आठच्या दोन पट्ट्या घेतल्यास दोन्ही वाटांनीं माहिती वाहते आणि काम सुधारतें. २०२५ च्या उत्तरार्धापासून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठमोठ्या केंद्रांनीं मागणी वाढविल्यामुळें मेमरीचे भाव जगभर चढले. म्हणूनच आम्ही तिच्या वांट्यास तीन आणे ठेवले आहेत. पूर्वीं एका आण्यांत भागत असे.

एसएसडी: दीड आणा. नांवाजलेल्या बनावटीची, पांच वर्षांच्या हमीची. प्रणाली आणि चालू काम एवढेंच तिच्यावर असावें.

पॉवर सप्लाय: एक आणा. वीज पोंचविणारा हा डबा दिसत नाहीं, म्हणून पुष्कळ जण येथें कात्री लावतात. हा बिघडला तर एकटा जात नाहीं, सोबत दुसऱ्यांसही नेतो. ४५० ते ५५० वॅटचा, '८० प्लस' हें प्रमाणपत्र असलेला घ्यावा.

पेटी: पाऊण आणा. पुढून हवा आंत आणि मागून बाहेर जाईल अशी, धूळ अडविणारी जाळी असलेली. उन्हाळ्यांत विदर्भ-मराठवाड्यांत याचें महत्त्व कळतें. कांच व दिवे नसले तरी चालेल, किंबहुना नसलेलेच बरे.

पडदा: दोन आणे. आयपीएस जातीचा घ्यावा. बाजूनें पाहिलें तरी त्याचे रंग फारसे बदलत नाहींत. एसआरजीबी या १९९६ सालच्या रंगमापाशीं तो किती जुळतो हें पेटीवर छापलेलें असतें. पडदाच खोटा रंग दाखवीत असेल तर शालूचा रंग नीट लावणार कसा?

यूपीएस: पाऊण आणा. चित्रफीत बाहेर काढण्याचें काम तासन्‌तास चालतें. मध्येंच वीज गेली तर सर्व पाण्यांत. घरांतील अर्थिंगही वायरमनकडून एकदां तपासून घ्यावें.

कळफलक, माऊस आणि कानावरचा हेडफोन: अर्धा आणा. चित्र थोडें अंधुक असलें तर लोक चालवून घेतात. आवाज फाटका असला तर उठून जातात.

बाहेरची डिस्क: दीड आणा. हा दीड आणा पहिल्याच दिवशीं खर्च करावा, पुढल्या महिन्यावर टाकूं नये.

बेरीज सोळा आणे झाली. यांत ग्राफिक्स कार्ड नाहीं, हें वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल. त्याचें वैर आम्हांस नाहीं. रिझॉल्व्हसारखी प्रणाली रंगांच्या कामांत त्याच्यावर फार विसंबते, आणि ज्यास रोज पैशाचें काम मिळूं लागलें त्यानें तें अवश्य घ्यावें. परंतु त्यानें मिळविलेल्या पैशांतून तें यावें. बोर्डावर त्याची जागा रिकामी आहे, पॉवर सप्लायही लहानसें कार्ड पेलण्याजोगा आहे, घाई कशास?

पंचवीस हजारांतच भागवायचें असल्यास

मोठ्या कचेऱ्यांतून निघालेले, साफसूफ करून विकावयास ठेवलेले संगणक बरेच स्वस्त मिळतात. फुल एचडीचें काम, वर सांगितलेल्या खर्ड्याच्या रीतीनें, त्यांवर व्यवस्थित होतें. मात्र तीन गोष्टी पाहाव्या. विंडोज १० ची शुश्रूषा १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपली, आणि विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीच्या अलीकडच्याच प्रोसेसरांस सामान्यतः मान्य करते. सातव्या वा त्याहून जुन्या पिढीचें यंत्र घेतल्यास त्यावर लिनक्स घालावें लागेल. केडेनलाइव्ह व शॉटकट त्यावरही चालतात. दुसरें, अशा यंत्रांचा पॉवर सप्लाय बहुधा लहान आणि वेगळ्याच खिट्ट्यांचा असतो. पुढें कार्ड बसविण्याचा बेत तेथेंच अडतो. तिसरें, जुनी डिस्क काढून नवी एसएसडी घालावी. दुसऱ्याच्या वापरलेल्या डिस्कवर आपल्या घरच्या आठवणी ठेवणें हा जुगार आहे.

खरेदी आणि जोडणी

मुंबईंत ग्रँट रोड स्टेशनजवळील लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. भडकमकर मार्ग, ही या मालाची जुनी पेठ आहे. तीन दुकानांतून वस्तुवार लेखी भाव घ्यावे, आणि तेच ऑनलाइन भावांशीं ताडून पाहावे. एकाच आंकड्यांत "सर्व मिळून इतके" म्हणणाऱ्या दुकानदाराकडून उठून यावें, कारण हलका पॉवर सप्लाय आणि अनोळखी एसएसडी अशाच बेरजेंत लपते. बिलावर प्रत्येक वस्तूचा क्रमांक असावा. बंद पेटींतील प्रोसेसरांस साधारणतः तीन वर्षांची हमी असते. बिल हरवलें कीं हमीही हरवली.

जोडणी घरीं करण्यास भिण्याचें कारण नाहीं. शिलाईचें यंत्र उघडून साफ करणाऱ्या गृहिणीस हें काम दोन-तीन तासांचें आहे. फुलीच्या टोकाचा एक स्क्रू-ड्रायव्हर पुरतो. आरंभीं एखाद्या धातूच्या वस्तूस हात लावून अंगांतील स्थिर वीज उतरवावी. हिवाळ्याच्या कोरड्या हवेंत हें विसरूं नये. प्रोसेसरच्या कोंपऱ्यावरील त्रिकोण बोर्डावरील त्रिकोणाशीं जुळवून तो अलगद ठेवावा, दाबूं नये. मेमरीची पट्टी मात्र खट्ट आवाज होईतों दाबावी. पंख्याच्या तळास उष्णता वाहून नेणारा लेप बहुधा लावलेलाच येतो. नसल्यास वाटाण्याएवढा घालावा, अधिक नको. सर्व कांहीं पेटींत घालण्यापूर्वीं बोर्ड त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवून एकदां सुरू करून पाहावा. म्हणजे दोष निघाला तर दहा स्क्रू काढावे लागत नाहींत.

दुसरी प्रत

आतां दुसऱ्या प्रश्नाकडे येतों. प्रोसेसर जळला तर दुसरा मिळतो. बोर्ड गेला तर दुसरा येतो. चार दुपारी मात्र कोठल्याही पेठेंत मिळत नाहींत.

छायाचित्रकारांत एक नियम रूढ आहे: प्रती तीन, त्या दोन निराळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांपैकीं एक घराबाहेर. पहिली प्रत संगणकांतील एसएसडीवर, दुसरी बाहेरच्या हार्ड डिस्कवर, आणि तिसरी दुसऱ्या गांवीं एखाद्या नातलगाकडे. तबकडीची हार्ड डिस्क कामास मंद असली तरी येथें तिचें खरें स्थान आहे. थोड्या पैशांत पुष्कळ सांठा. एसएसडी मात्र वर्षानुवर्षें विजेवांचून कपाटांत ठेवण्याची वस्तु नव्हे. तशी ठेवल्यास तिच्यांतील नोंदी पुसट होऊं शकतात. बाहेरची डिस्क काम झाल्यावर काढून ठेवावी. सदैव जोडलेली असली तर विजेचा एकच तडाखा दोन्ही प्रती नेईल. आणि फोन मोकळा करण्यापूर्वीं दोन ठिकाणच्या प्रती प्रत्यक्ष उघडून पाहाव्या. आम्ही हें शेवटचें वाक्य संगणकाच्या वरच भिंतीवर लिहून लावलें आहे.

ज्यांच्या घरीं जुन्या व्हीएचएस किंवा मिनी-डीव्ही कॅसेटी पडून आहेत त्यांनीं याच यंत्रावर पहिलें काम तें करावें. मिनी-डीव्हीची एका तासाची कॅसेट सुमारें १३ गिगाबाइटांत मावते. पांचशें गिगाबाइटांच्या डिस्कवर तीस-पस्तीस कॅसेटी सहज बसतात. आपल्या पावसाळी हवेंत फितीस बुरशी धरते, आणि त्या चालविणारीं यंत्रेंही दुर्मिळ होत चाललीं आहेत. तें काम पुढल्या वर्षावर टाकण्याजोगें नाहीं.

आमच्या यंत्राचें पुढें काय झालें, हें सांगून लेख पुरा करतों. २०२४ च्या पावसाळ्यांत पुतण्यानें तें ग्राफिक्स कार्ड, तो प्रोसेसर आणि कांचेची पेटी विकली. आलेल्या पैशांत थोडी भर घालून चित्राचा भाग असलेला प्रोसेसर, साधी पेटी, सोळा गिगाबाइट मेमरी, भरंवशाची एसएसडी आणि दोन बाहेरच्या डिस्का घेतल्या. आतां तें यंत्र माजघराच्या कोंपऱ्यांत कोणाच्या नजरेंत न भरतां बसलेलें असतें, आणि महिन्यास दोन-तीन मुंजी-लग्नांचें काम त्यावर होतें. गिऱ्हाइकास चित्रफीत दिल्यावरही तिची एक प्रत तो वर्षभर सांभाळतो, आणि हें तो आधीं सांगतो. त्याचा व्यवसाय त्यामुळेंच वाढला असें आम्हांस वाटतें.

२०२५ सालीं आत्याबाईंच्या वर्षश्राद्धाच्या दिवशीं सर्व मंडळी जमलीं असतां त्यानें वांचलेल्या दोन दुपारींची चाळीस मिनिटांची चित्रफीत दाखविली. नागपूरची आतेबहीण आली होती. जातांना एक डिस्क तिच्या पिशवींत दिली. त्या चित्रफितींत एके ठिकाणीं आत्याबाई गाणें अर्ध्यावर थांबवून फोन धरणाऱ्या मुलाकडे पाहतात आणि विचारतात, "अरे, हें सगळें राहील ना त्यांत?" पुतण्यानें संकलन करतांना पुष्कळ कांहीं कापलें. तें वाक्य मात्र त्यानें तसेंच ठेवलें आहे.